चिठ्ठीची जाडी

"श्श... हलू नका," तो म्हणाला.

ती होती तिथेच थबकली. हातात धातूचा ठोकळा आणि त्यावर तिनेच लाल पेनाने लिहिलेली 'नापास'ची चिठ्ठी. चिठ्ठ्या पोचवणारा माणूस रजेवर, म्हणून तपासणीची खोली सोडून ती स्वतः मशीनपाशी आली होती. आणि हा गृहस्थ मान वर करायला तयार नाही!

मशीनच्या उघड्या दारात वाकून तो एका हाताने छोटं चाक खाचेखाचेने फिरवत होता. दुसऱ्या हाताने बंद कटरच्या टोकाखाली कागदाची पट्टी मागे-पुढे सरकवत होता. सरकवत होता... सरकवत होता... आणि पट्टी अडली.

"धरली," तो हसला. "हं, आता बोला."

"हे काय चाललंय?"

"टूलची, म्हणजे या कटरची, लांबी मोजतोय. प्रत्येक टूल कमी-जास्त लांबीचं. मशीनला बिचारीला काय कळतं? आपण सांगू तेवढंच. कागद अडला की टोक जॉबपासून, म्हणजे या खालच्या ठोकळ्यापासून, एका कागदाच्या अंतरावर आलं. मग कागदाची जाडी वजा करायची आणि आकडा भरायचा."

ती वाकून बघायला लागली. पट्टीवर लाल अक्षरं होती.

"अहो, ही माझी चिठ्ठी!"

"असा पातळ, एकसारखा कागद दुसरीकडे मिळत नाही. ऐंशी मायक्रॉन. मोजलाय मी." त्याचे कान लाल झाले. "शिवाय... पुरवठाही भरपूर आहे."

रागवायचं ठरवूनसुद्धा तिला हसू आवरलं नाही.

त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. तिला पाठीमागे 'नापासबाई'. सावकाश नुकताच ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, झाला होता, तोही तीन महिन्यांच्या बोलीवर. वर्कशॉप सांभाळणाऱ्या काकांनी बजावलं होतं, सेटिंग चुकून एक लॉट जरी गेला, तरी परत मागच्या शेडमध्ये ड्रिलवर. त्या शेडमध्ये जायचं म्हणजे दिवसभर एकच भोक. आणि ती शेड तिच्या खोलीच्या काचेतून दिसत नसे.

रजेवरचा माणूस परत आला, तरी चिठ्ठ्या तीच पोचवत राहिली.

"काय गं," एकदा वहिनीने विचारलं, "तुझं टेबल काचेच्या खोलीत. मग बाहीला मशीनच्या तेलाचा वास कसा?"

"वहिनी, तुझं आपलं काहीतरीच!"

"माझं कुठे? तुझंच काहीतरी चाललंय."

आणि मग तो दिवस उजाडला. जेवणाच्या सुट्टीनंतर चोवीस जॉब टेबलावर आले. तिने पहिल्याच्या मधल्या खळग्याची खोली मोजली. पन्नास मायक्रॉन कमी. दुसरा, तेवढाच कमी. चोविसावासुद्धा तेवढाच. लाल पेन उचलून तिने एकदा खाली ठेवलं... पण लिहिलं. खोटं लिहिता येत नव्हतं तिला.

चिठ्ठी बघून काका म्हणाले, "झालं. उद्यापासून ड्रिल."

काका निघाले, पण ती चिठ्ठ्यांच्या पॅडकडे बघतच राहिली. निष्काळजी माणसाची चूक कधी इतकी, कधी तितकी असते. ही सगळीकडे नेमकी सारखी कशी? तिने पॅडवर बोट फिरवलं. पॅड आज सकाळीच नवं आलं होतं. तिने मायक्रोमीटर उचलला, कागद मोजला, आणि जवळजवळ धावतच काकांना गाठलं.

सावकाश मशीनपाशी मान खाली घालून उभा होता.

"आज कुठलं टूल बदललं?" तिने विचारलं.

"खळग्याचं. धार गेली होती. बाकीची जुनीच."

"आणि कागद?"

त्याने पॅन्टच्या खिशातून पट्टी काढली. "सकाळी तुम्हीच तर आणून दिलीत."

तिने ती काकांसमोर मोजली. "एकशे तीस. जुन्या पॅडचा ऐंशी होता. हे बघा तुमचे पन्नास, काका."

"म्हणजे चूक कुणाची?"

"माझी," दोघं एकदमच म्हणाले.

"नाही, माझीच," तो म्हणाला. "कागद मोजायला हवा होता. मी... धरून चाललो."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कमी कापलंय म्हणून वाचलात. राहिलेलं कापता येईल. जास्त कापलं असतंत ना, तर दोघांनाही भंगारात टाकलं असतं! लागा कामाला. आणि यापुढे कागद मोजल्याशिवाय चाकाला हात नाही."

काका गेले. नुसता आकडा बदलूनही भागलं असतं, पण सावकाश तो सावकाशच. पुन्हा लांबी घेतो म्हणाला. तिने एक चिठ्ठी मोजली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि त्याच्याकडे न बघता पुढे केली.

'एकशे तीस. यापुढे रोज कागद मोजून द्यायला मी येईन. कायम आले तर चालेल?'

त्याने एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग चिठ्ठीची नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

"अहो, ती मोजलेली आहे!"

"असू दे. हिच्यावर ओरखडा येईल... दुसरी द्या."

"आणि उत्तर?"

"आधी ही धरा."

दुसरी, कोरी चिठ्ठी त्याने तिच्याच बोटांत दिली. ती कटरखाली सरकवू लागली. तो चाक फिरवू लागला, एकेक खाच.

"अडली?"

"नाही अजून."

"आता?"

"थोडं राहिलंय... धरली!"

तिने चिठ्ठी सोडली नाही. चिठ्ठीचं दुसरं टोक पकडायला त्याचा हात पुढे आला आणि तिच्या बोटांपाशीच थांबला. तिच्या बोटांवर कागद, कागदावर त्याची बोटं.

"एका कागदाचं अंतर," तो हळूच म्हणाला. "हे वजा करायचं असतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मग कर ना."