बेटावरचं अर्धं गवत

आणखी एक दिवस तोंड मिटून बसलं की स्पेनच्या नौदलातल्या, बेटाची निगा राखणाऱ्या बारुतियासाहेबांना तीन गोष्टी मिळणार होत्या. एक, उद्याच्या समारंभात चारचौघांत शाबासकी. दोन, समारंभानंतरचं जेवण. आणि तिसरी सगळ्यांत मोलाची: उद्या सकाळी दहानंतर बेटाबद्दल कुणी काहीही विचारलं, तर “आता पलीकडच्यांना विचारा!” असं म्हणायची सोय. तीही पुरे सहा महिने!

कारण दोन देशांच्या सीमेवरच्या बिदासोआ नदीतलं ते एवढंसं बेट फेब्रुवारी ते जुलै स्पेनचं आणि ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच, ना भांडण ना तंटा. पाऊल मात्र कुणी ठेवायचं नाही. फक्त गवत कापणाऱ्याने.

आणि आज एकतीस जुलै होती.

“तुमच्या आजोबांना धड गाठ मारता येत नाही, त्याला मी काय करू?” बारुतियासाहेब खुर्चीत रेलून म्हणाले. “होडी वाहत गेली, बेटाला लागली. उद्यापासून बेट तिकडचं. तिकडे विचारा!”

“विचारलं!” एनेको फणफणला. “ते म्हणतात, होडी तुमच्या सहा महिन्यांत गेली.”

“बघ, किती बरोबर बोलतात ते!”

बारा वर्षांची माद्दी त्याच्या शेजारी उभी होती. ती राहायची फ्रान्सच्या काठावर, पण सुट्टीत मुक्काम या काठावरच्या आजोबांकडे, म्हणजे सगळ्यांच्या आइतोनांकडे. एनेको आणि नऊ वर्षांचा ओइहान हे तिचे मामेभाऊ. दर गुरुवारी आइतोना होडी वल्हवत पलीकडे बहिणीकडे पत्ते खेळायला जायचे. पुलावरून एवढं चालणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नसे. आता होडी पाच दिवस बेटाच्या दगडांवर आपटत होती. आणखी आठवडाभरात तिच्या फळ्या उकलल्या असत्या, आणि गुरुवारही संपले असते.

पण माद्दीचं लक्ष खिडकीकडे होतं. तिथे साहेबांची पँट टांगलेली होती. मांडीपर्यंत सुकलेला करडा चिखल!

“पुलावर चला,” बाहेर येताच ती म्हणाली. “आणि आइतोनांची दुर्बीण आणा!”

पुलावरून ओइहानने दुर्बिणीला डोळा लावला आणि ओरडलाच, “ए! होडी झाडाला बांधलीय!”

“काय? वाहत गेलेली होडी स्वतःच स्वतःला बांधून घेते?” एनेको म्हणाला.

“आणि झाडामागे गवत कापायचं यंत्र पडलंय. आणि बेटाची अर्धीच हजामत झालीय! आपल्या बाजूचं गवत गुळगुळीत, पलीकडचं माझ्या कमरेएवढं!”

माद्दीने टाळी वाजवली. “साहेबांची लाँच आठवडाभर दुरुस्तीला आहे ना? मग त्यांनी न विचारता आइतोनांची होडी उचलली. पहाटेच्या भरतीला गेले, अर्धं गवत कापेपर्यंत ओहोटी लागली आणि होडी चिखलात बसली. मग काय करणार? चिखल तुडवत घरी! परत आणायला दिवसाढवळ्या गेले असते तर सगळ्यांनी पाहिलं असतं.”

“लबाड!” एनेको म्हणाला, आणि हसू लागला. “पण एक बरंय. उद्यापासून ते उंच गवत तुझं, फ्रेंच बाई! कापत बस!”

माद्दी त्याच्याकडे बघतच राहिली. “एनेको, तू कधीकधी चुकून शहाण्यासारखं बोलतोस! ओइहान, वही काढ. बेटावर जे जे दिसतंय ते सगळं लिही.”

दुसऱ्या दिवशी दहाला, बेटाचा ताबा देण्याच्या समारंभाला, काठावर दोन्ही देशांचे गणवेश चमकत होते. बारुतियासाहेबांनी नवी पँट घातली होती. दर खेपेसारखी यादी वाचली गेली: झाडं, दगडी स्मारक, कापलेलं गवत, सगळं ठीक. फ्रान्सच्या लेफ्टनंट दुहाल्देबाईंनी पेन उघडलं.

“मॅडम, थांबा! सही करू नका!” माद्दी वही घेऊन पुढे धावली. “सही झाली की अर्धं गवत आणि एक होडी आपल्या माथी येणार!”

“पोरींना कोण आत सोडतं?” बारुतियासाहेब ओरडले.

दुहाल्देबाईंनी वही वाचली. मग शांतपणे दुर्बीण मागितली. बराच वेळ पाहिलं.

“यादीत होडी नाही.”

“ती... ती वाहत आली, मॅडम.”

“आणि झाडाला गाठ मारून बसली!” ओइहान म्हणाला. “हुशार होडी!”

काठावर हशा उसळला. दुहाल्देबाईंनी पेनाला टोपण लावलं. “अर्धं कापलेलं बेट मी घेणार नाही!”

स्पेनचे कमांडर लालबुंद झाले. “बारुतिया! भरती कधी आहे?”

उत्तर आलं मागून, काठीवर रेललेल्या आइतोनांकडून. “साडेअकराला. घाई करा, साहेब. नाहीतर परत चिखलातून यायला लागेल!”

कमांडरांच्या लाँचने बारुतियासाहेबांना बेटावर सोडलं. एक वाजता ते परत आले, आइतोनांची होडी स्वतः वल्हवत.

“उजवं वल्हं खोल घाला!” आइतोना काठावरून सांगत होते. “शाबास! पुढच्या वेळी मागून न्या, शिकवीन मी!”

सह्या झाल्या. दुहाल्देबाईंनी माद्दीशी हात मिळवला. “किती वर्षं आम्ही दोघेही मागचीच यादी वाचतो आणि सह्या करतो. आज पहिल्यांदा कुणीतरी बेटाकडे बघितलं!” कमांडरांनीही मान डोलावली आणि तिघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

“पण आइतोना,” ओइहानने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं, “दहा ते एक बेट कुणाचं होतं?”

दोन्ही देश एकमेकांकडे बघू लागले.

“होडीचं,” आइतोना म्हणाले.

शेवटी कुणाचं काय गेलं? स्पेनचं बेट गेलं, पण ते फेब्रुवारीत परत येणारच. फ्रान्सचे तीन तास गेले. बारुतियासाहेबांची शाबासकी गेली, गरम जेवण गेलं, नवी पँट गेली आणि दोन्ही तळहातांची सालं निघाली. आइतोनांचं काहीच गेलं नाही. नाही, थांबा. तो दिवस गुरुवार होता. संध्याकाळी ते होडीने पलीकडे गेले आणि बहिणीकडून पत्त्यांत सलग तीन डाव हरले. तेवढं मात्र त्यांनी हसत हसत भरलं.