खिडकी कुठल्या बाजूला?

लाईट गेली तेव्हा मी रंगाच्या मशीनपाशी कपाळाला हात लावून बसले होते. मुरुडच्या आमच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की लाईट हमखास असते, अन् डबा मशीनवर चढवला की जाते. समोरच्या खांबावरून लाईनमन उतरला, पाणी मागायला आत आला, अन् पाणी पिता पिता रंगांचे नमुने असलेलं शेडकार्ड उलटत राहिला.

“हा निळा... नाहीतर हा ऑफ-व्हाइट. खोलीला कुठला घ्यावा, मॅडम?”

“खिडकी कुठल्या बाजूला हाय? उन्हावर असतंय सगळं.”

तो गडबडला. “खिडकी... पूर्वेला.”

दोन्ही रंगांच्या लहान डब्या घेऊन गेला. नाव सत्यम, मुरुडला नवीनच आलेला. आठवडाभरात पुन्हा हजर. या वेळी लाईट गेलीच नव्हती!

“निळा गार वाटतो,” तो म्हणाला. “पर संध्याकाळचं ऊन थेट खिडकीतून येतंय, तवा जरा...”

“पूर्वेच्या खिडकीतून? संध्याकाळचं?”

त्याचे कान लाल झाले. मी हसू दाबलं. हा माणूस तारा जोडतो की तोडतो, कोण जाणे!

पण घरी गेल्यावर डोक्यात तेच. खोली नेमकी कुणासाठी? लग्नसराई तोंडावर आलेली, अन् आमच्याकडे नवरी यायच्या आधी घराला रंग लागतोच. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मी विचारूनच टाकलं.

“लग्न ठरलंय का तुमचं?”

“न्हाई!” केवढ्यानं ओरडला! आत हिशेब करत बसलेल्या पप्पांनी मान वर केली. मग तो हळूच म्हणाला, “म्हणजे... अजून न्हाई.”

“मग भिंतीचा फोटो दाखवा.”

त्यानं बिचकत मोबाईल पुढे केला. गुडघाभर जोतं, वाळूचा ढीग, ढिगावर निवांत बसलेली शेळी... अन् शेळीमागच्या फळीवर दोन पट्टे, एक निळा, एक ऑफ-व्हाइट.

“भिंत कुठाय?”

“बांधायचीय,” तो पायांकडे बघत म्हणाला. “तुमच्याशी बोलायला दुसरं काय विचारू? लाईनमन असून रोज इथली लाईट जायची वाट बघत होतो... साहेबाला कळलं तर नोकरी जाईल. तुम्ही लई आवडता मला, दीपमाला.”

माझं नाव त्यानं दुकानाच्या पाटीवर वाचलं असणार. पण त्याच्या तोंडून ते ऐकायला किती गोड लागलं!

“खिडकी पूर्वेलाच ठेवा,” मी म्हणाले. “मला सकाळचं ऊन आवडतं.”

“आन... रंग?” त्यानं विचारलं.

“आधी आत जाऊन पप्पांशी बोला. रंग मी तिथं राहायला आल्यावर ठरवीन.”