सतरा नंबरची पुडी

कंदील जरा इकडे सरकवा रे, आणि मधेच कोणी खिदळायचं नाही. वामनराव माझ्या शेजारचे. खोटं सांगून त्यांना काय मिळणार होतं?

एकसष्ट साली वणीला नागपूरकडचे एक डॉक्टर आले होते. पोरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढवणाऱ्या तापावर नवं औषध निघालं होतं, ते तपासायला. निम्म्या पोरांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची. कोणाला कोणती, ते एका बंद पाकिटात. सहा आठवडे उघडायचं नाही. गोळ्यांच्या पुड्या वाटायचं काम वामनरावांकडे. माणूस हुकमाचा पक्का, सायकलवर सगळे बंजारा तांडे पालथे घालायचा.

झरीकडच्या एका तांड्यात धावजीची नऊ वर्षांची लाली सतरा नंबर, शेजारच्या किसनसिंगाची हंसा अठरा. महिन्याभरात हंसा उड्या मारू लागली. लालीनं अंथरूण धरलं.

लालीची आई सुखीबाई म्हणाली, "भाऊ, हंसाच्या गोळीतली अर्धी लालीले देतो. आमच्यात ससा मारला तरी घरोघर वाटा जाते."

"वाटून खाल्ली तर कोणत्या गोळीनं गुण आला, हे डॉक्टरले कसं कळन?" वामनराव म्हणाले. " तुमच्या देवाची, सेवाभायाची आण घ्या, वाटणार नाही म्हणून."

तांड्यानं आण घेतली. वामनरावांनाच मग झोप येईना. डॉक्टरांच्या हातापाया पडले, पाकीट उघडा म्हणाले. "एकीसाठी उघडलं तर उद्याच्या हजार पोरांचं काय?" डॉक्टर म्हणाले. तेही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

आठ नोव्हेंबरला सहा आठवडे भरले. बुधवार, दिवाळीची अमावास्या. पाकीट उघडलं. अठरा, औषध. सतरा, साखर.

खऱ्या सात गोळ्यांची पुडी खिशात घालून वामनराव सायकलवर बसले. आठ कोस रस्ता, त्यात मारेगावच्या पुढे चाक बसलं. तांड्याजवळच्या नाल्यावर पोचायला रात्रीचे आठ वाजले.

या रात्री तांड्यातल्या कुवार पोरी हातात दिवा घेऊन घरोघर मेरा मागतात, दिव्यानं ओवाळून घराचं भलं चिंततात. पण त्या घोळक्यानं फिरतात, गात फिरतात.

नाल्यात एकच दिवा होता. गाणं नव्हतं.

"काका, मेरा."

लाली! आपल्या पायांवर उभी. वामनरावांना रडूच फुटलं. पुडी तिच्या हातावर ठेवली. हात गार होता. वारा सुटला होता... दिव्याची ज्योत हलत नव्हती.

"आता वाटू काय, काका?"

"वाट माय. तुले वाटन तशी वाट."

ती हसली. दिवा पुढे गेला. वळणावर... दिसेना.

वामनराव तांड्यात शिरले. एकाही दारात दिवा नाही. पोरी घरात. धावजी ओट्यावर बसलेला, मान खाली.

"धावजी, लाली..."

धावजीनं दाराकडे हात केला.

आतून सुखीबाई आली. डोळे कोरडे. "दुपारीच मातीआड केली, भाऊ."

आताच भेटली, हे वामनरावांच्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

"हंसाची पुडी हाताजवळ होती," सुखीबाई म्हणाली. "पोरगी तिकडं पाहे. पण आम्ही आण मोडली नाही."

वामनराव तिथंच ओट्यावर बसून राहिले. पिशवी उशाला घेऊन पहाटे कधीतरी डोळा लागला.

उजाडल्यावर तिच्यातून पुड्यांच्या हजेरीची वही काढली. सतरा नंबरचं पान आपोआप उघडलं. त्यात काल लालीच्या हातावर ठेवलेली पुडी होती, घडी मोडलेली.

आत सात तुकडे. प्रत्येक गोळी बरोबर मधोमध तोडलेली... आणि अर्धीच.