लुगड्यापलीकडचे हात

मी जात्याच संशयी. आमची आई म्हणायची, उमाला दूध दिलं तर ती आधी त्यात पाणी शोधेल. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते मी भाबडेपणाने सांगतेय असं समजू नका. जरा पुढे सरकून बसा, वाऱ्याने दिवा फडफडतोय. आणि मधेच "मग?" म्हणून विचारू नका, विचारलंत तर माझ्याच्याने पुढे सांगवायचं नाही.

पंच्याहत्तर सालची गोष्ट. सांगलीत एका महिला संस्थेने गृहपरिचर्येचा वर्ग काढला होता. लकवा झालेली, अंथरुणाला खिळलेली, म्हातारपणी भान हरपलेली माणसं घरच्या घरी कशी सांभाळायची ते तिथे शिकवत. माझं लग्न जमत नव्हतं आणि घरात बसून वहिनीची बोलणी खाववत नव्हती, म्हणून मी नाव घातलं. शिकवायला सुहासिनीताई होत्या. सगळी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई. त्यांचा आवाज असा की रोगीसुद्धा सावरून बसायचा. त्यांचे नियम ठरलेले. रोग्याला हात लावण्याआधी त्याला तसं सांगायचं. एकटीने कधीही उचलायचं नाही. दोघींनी खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून त्याच्या अंगाखालच्या चादरीच्या कडा धरायच्या, एक, दोन म्हणायचं आणि तीनला कुशीवर वळवायचं. आणि पडदा हवाच. "माणूस लुळा पडला म्हणून त्याची लाज लुळी पडत नाही," असं त्या म्हणत.

शेवटी प्रत्येकीला एका घरी राहून काम करून दाखवावं लागे. मला आटपाडीच्या पुढची एक वस्ती मिळाली. एसटीतून उतरून माळावरून चालत जायचं. कडब्याच्या गंजीशेजारी एक माळवदाचं घर, बाजूला गोठा, आणि बाकी नजर जाईल तिथवर ऊन.

रोगी लालासाहेब, सगळे त्यांना आबा म्हणत. एके काळी चांगला दांडगा गडी असणार. आता उजवं अंग गेलेलं, वाचा बसलेली. मुलगा जोतीराम पलटणीत. सुट्टीवर आला तेव्हा तोच संस्थेत येऊन हातापाया पडून गेला होता. घरात उरली एक सून, अंजना. माझ्याच वयाची, अंगाने काटक, बोलणं मोजकं. माझी पिशवी तिने हातातून घेतली, पण माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. झालं, मी तिथेच मनात गाठ मारली की या बाईच्या पोटात काहीतरी आहे.

आबांची खोली अरुंद होती. माझ्या बाजूला सोप्याचं, म्हणजे ओसरीचं दार आणि खिडकी. खाटेपलीकडे दुसरं दार, ते धान्याच्या खोलीत उघडायचं. तिथे कणग्या ओळीने उभ्या होत्या आणि भर दुपारीसुद्धा अंधार. खोलीला डेटॉलचा वास यायला हवा होता, मी स्वतः फरशी पुसली होती. पण यायचा तो जुन्या ज्वारीचा, कोंदट, घशात बसणारा.

पहिल्याच दिवशी मी अंजनाला म्हटलं, "अंजनाबाई, आबांना वळवायला दुसरं माणूस लागतं. तुम्ही पलीकडून धरा."

ती मागे सरली. "आवं ताई, मामंजींचं उघडं अंग सुनंनं बघू न्हाई."

"बघू नका. मधे लुगडं बांधते. तुम्ही पलीकडे उभ्या राहा, खालून फक्त हात घाला. बांगड्या तेवढ्या मागे सारा, म्हाताऱ्याच्या कातडीला लागतात."

ती "बघू" म्हणून आत गेली. मी ते होकार म्हणून घेतलं. खाटेच्या लांबीने दोरी ताणून तिचं एक जुनं लुगडं सोडलं आणि हाक मारली, "या हो." क्षणभराने लुगडं हललं. खालून बोटांची टोकं आली आणि चादरीची कड धरली गेली. बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे सांगितलेलं ऐकलं, असं वाटून मला बरं वाटलं. मी "एक" म्हणायला तोंड उघडलं, तोच पलीकडून हळूच आवाज आला.

"लाभ..."

मला हसू आलं. खेड्यातली माणसं, काय म्हणतील नेम नाही. आबा अलगद कुशीवर आले. धरणं इतकं सफाईदार की सुहासिनीताईंनी पाठ थोपटली असती. मी पाठीला पावडर लावली. पुढच्या वेळी वळवताना पलीकडून "दोन" आलं, त्याच्या पुढच्या वेळी "तीन". ही वळवण्याच्या खेपा मोजत असेल असं मी धरून चालले.

मग आबा हलके होऊ लागले.

हे सांगायला सोपं वाटतं. पण रोज ज्याचं अंग आपण हातावर घेतो त्याचं वजन आपल्या मनगटाला पाठ होतं. मी त्यांना पेज पाजत होते, दूध, मऊ भात, अंड्याचा बलक. गडी चमच्यामागे तोंड उघडायचा, अन्न काही बाहेर पडत नव्हतं. तरी दर खेपेला चादर आधीच्यापेक्षा रिकामी लागायची. आणि पलीकडून आकडा आला की आबांचे डोळे लुगड्याकडे वळायचे, पाणी भरून यायचं, आणि चांगला असलेला डावा हात माझा पदर धरून ओढायचा.

संशय कुणावर जाणार? घरात दुसरं होतं कोण? म्हातारा मेला की शिवार मोकळं. मी दूध आधी स्वतः चाखायला लागले. पेज माझ्यासमोर शिजवून घ्यायची, भांडं स्वतः घासायचं. अंजना हे सगळं पाहायची. एकदा फक्त म्हणाली, "ताई, मी काय इख घालते व्हय?" मी म्हटलं, "तसं कोण म्हणालं?" तिचे डोळे भरले, पण संशयाने माणूस आंधळा होतो; मला वाटलं, सोंग.

सुहासिनीताई तपासायला येणार होत्या. मी ठरवलं होतं, त्या आल्या की सरळ सांगायचं, ही बाई सासऱ्याला मारतेय, पोलिसांना कळवा. आबांना वाचवायचं तर दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

त्या दुपारी ऊन असं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी हाक मारली, लुगडं हललं, बोटं आली. चादर ताणली गेली. पलीकडून आकडा आला. मी आबांना वळवून धरलं आणि सहज मान मागे वळवली, तर माझ्या बाजूची खिडकी. खिडकीतून विहिरीची वाट दिसते. त्या वाटेवरून अंजना येत होती. डोक्यावर घागर, एक हात घागरीला, दुसऱ्या हातात दोर.

माझ्या हातातली चादर अजून पलीकडून ताणलेली होती.

मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो. आबांना सोडलं तर ते पडतील एवढंच डोक्यात होतं. मी हळूहळू त्यांना उताणं केलं. पलीकडची ओढही हळूहळू सैल झाली, अगदी माझ्या बरोबरीने, रोग्याला धक्का लागू नये अशी. मग बोटं मागे गेली. ज्वारीचा वास एकदम दाट आला.

अंजनाने घागर उतरवली तेव्हा मी सोप्यात येऊन उभी होते.

"अंजनाबाई... तुम्ही रोज पलीकडून धरता ना?"

"मी? मी कवाच आले न्हाई, ताई. मला लाज वाटती. तुमी एकट्याच वळवताय की." तिने माझ्याकडे पाहिलं. "आकडं बी तुमीच म्हणताय न्हवं?"

"मी एकपासून मोजते," मी म्हटलं. "पलीकडून 'लाभ' आलं होतं."

ती घागरीशेजारी खाली बसली. मग पदर तोंडाशी धरून सांगू लागली.

"खळ्यावर रास मोजताना पयल्या मापाला 'एक' म्हणत न्हाईत, 'लाभ' म्हणत्यात. ह्या खाटंवर आदी थोरल्या आत्याबाई हुत्या. दगडाबाई. मामंजींच्या थोरल्या भावाची बायकू. नवरा गेला, मागनं कमरंखाली लुळ्या पडल्या. त्यांचं रान मामंजींकडंच. सुगी झाली की त्यांच्या पोटापुरती ज्वारी मामंजी स्वतः मोजायचे, हितंच, खाटंसमोर. आत्याबाई पडल्या पडल्या त्यांच्यासंगं मोजायच्या. लाभ... दोन..." तिने तळहात आडवा फिरवून दाखवला. "माप शिगोशीग भरायचं आन् वरनं हात फिरवायचा. काठावरची शीग खाली. दर मापाला. दुष्काळात तर माप बी काठापातूर भरंना. मी नवी हुते ताई, बोलायची सोय न्हवती. बाई वाळत गेली. शेवटी एकट्या गड्यानं तिला उचलून न्हेलं, लेकरागत."

आतून आबांचा घोगरा आवाज आला. आम्ही दोघीही उठलो नाही.

खरं सांगते, त्या घटकेला मला त्यांची दया आली नाही, आणि दया येत नाही याचीच भीती वाटली. पण रोगी तो रोगी. त्याने काय केलं होतं ते बघून चादर बदलायची नसते. त्यांना जगवायचं एवढंच माझ्या हाती होतं. अंजनाच म्हणाली, "ताई, तिचं तिला दिऊ या." दिवेलागणीला तिने कणगीतून ज्वारी काढली, माप शिगोशीग भरलं, दाणे कडेवरून ओघळेपर्यंत, आणि खाटेपलीकडे जमिनीवर ठेवलं. हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, पोटभर घ्या. मामंजींना सोडा." लुगडं आम्ही काढून टाकलं. त्या दिवसापासून अंजना डोळे मिटून पलीकडे उभी राहू लागली. आकडे मीच म्हणायची. पलीकडून आवाज आला नाही.

आणि आबा भरू लागले. गाल वर आले, मांडीला मांस धरलं. मला सुटल्यासारखं झालं. अंजनाचे हात धरून मी तिची माफी मागितली, तीही पहिल्यांदा हसली. फक्त एक गोष्ट होती. ती आम्ही दोघींनी पाहिली होती आणि दोघींनीही बोलायचं टाळलं होतं. माप सकाळी सपाट असायचं. उंदराने खाल्लं तर दाणे सांडतात, खळगा पडतो. हे तळहात फिरवल्यासारखं, काठोकाठ एका पातळीत. अंजना पुन्हा शीग चढवायची, सकाळी पुन्हा सपाट. पुढे पुढे पातळी काठाच्याही खाली गेली. आणि आबांचा तो मेलेला उजवा हात पुसताना तळव्याच्या रेघांत ज्वारीची पांढरी भुकटी निघायची. मी ती पुसून टाकायची. रोगी सुधारतोय, हेच मी धरून बसले होते.

सुहासिनीताई उन्हातून आल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ खोलीत गेल्या. आबांचा दंड दाबून पाहिला. "अगं, छान भरलाय की! शाबास." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पडदा कुठाय? हेच शिकवलं का मी?"

काय सांगणार होते? अंजनाने लुगडं आणून बांधलं आणि गरम पाण्याचं घमेलं आणायला चुलीकडे गेली. सुहासिनीताई आबांच्या उशाशी उभ्या राहिल्या. तिथून त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या.

"चल, वळव," त्या म्हणाल्या.

लुगडं हललं.

बोटं आली. पण चादरीची कड त्यांना धरवेना. दोनदा सुटली. मग कशीबशी धरली गेली. पलीकडून आवाज आला, इतका क्षीण की शब्द कळला नाही. मी उचललं आणि आबांचं सगळं वजन माझ्या एकटीच्या मनगटावर आलं. असलं जड माणूस मी त्याआधी उचललं नव्हतं, त्यानंतरही नाही. आबांच्या तोंडातून जेवून उठलेल्या माणसासारखा हुंकार निघाला.

अंजना घमेलं घेऊन आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. सुहासिनीताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग लुगड्यापलीकडे पाहिलं. त्यांचा तो करडा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"उमा... हा म्हातारा राहू दे. आधी त्या बाईला काहीतरी खायला घाला गं. हात बघितलेस तिचे?"