ताम्हाण्यांची शेकोटी

"हे पेय नाही," डॉ. इर्शाद बागवान ग्लास नाकाखाली फिरवत म्हणाला. "हा छातीला लावायचा लेप आहे. ओवा कशाला घातलास?"

"बाबा घालायचे असं वाटतं."

"वाटतं?"

केतकी ताम्हाणेने त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला. नाशिकच्या त्या स्वाद-प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या जिभेची कोडी सोडवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वतःच्या जिभेचं कोडं मात्र आठवडाभर सुटत नव्हतं. घरी तिने पेरू भाजून पाहिला होता, उकडून पाहिला होता. गूळ काळा होईपर्यंत कढवला होता. संत्र्याची साल वाळवली, जायफळ उगाळलं, दालचिनी जाळली आणि प्रत्येक खेपेला वरून सढळ हाताने रम ओतली. प्रत्येक खेपेला काहीतरी चांगलंच जमून आलं होतं, फक्त ते बाबांचं नव्हतं.

तिचे वडील दिगंबर ताम्हाणे गेल्या आषाढात गेले. निफाडचा पारा उतरला, बागाईतदार द्राक्षं वाचवायला रात्री धूर करू लागले, की एका शनिवारी ते आपल्या जुन्या मित्रांना घरी बोलवत. मग स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेत आणि बऱ्याच वेळाने वाफाळत्या पेल्यांचा ट्रे घेऊन बाहेर येत. त्या पेयाला ते 'शेकोटी' म्हणत. कृती कधी कोणाला सांगितली नाही. कृती विचारणाऱ्याला ते अजून एक पेला देत आणि विषय तिथेच संपे.

यंदा आई म्हणाली होती, "येतील ते. ह्या खेपेला चहा देऊ आणि मग हे बंद करू. ती चव नाही तर उगाच कशाला जमायचं?"

शनिवार उद्यावर आला होता.

"मग वाचकाच्या खुर्चीत बस," इर्शाद म्हणाला. "आपण हे यंत्र काय फक्त लोणचीवाल्यांसाठी बांधलंय?"

स्वादस्मृतिवाचक हे दोघांचंच अपत्य होतं. शिरस्त्राण डोक्यावर, पातळ पट्टी जिभेवर आणि शेजारी रससंयोजक नावाचं कपाट. वाचकाने आठवणीतली चव ओळखायची आणि संयोजकाने ती पेल्यात उतरवायची.

"पण मला ती धड आठवतच नाही," केतकी म्हणाली.

"तुला आठवायची गरज नाही, हीच तर आपली सगळी थिअरी. माणूस आपण काय प्यायलो म्हणून सांगतो, ते त्याने दुसऱ्यांकडून ऐकलेलं असतं. नाकातल्या कोणत्या पेशी जाग्या झाल्या आणि घशाला काय लागलं, ती नोंद मेंदूत वेगळीच असते. वाचक ती वाचतो. तुझं मत विचारत नाही. फक्त चव आठवू नकोस, जागा आठव."

केतकीने डोळे मिटले. दोन्ही हातांत ट्रे असल्यामुळे बाबा स्वयंपाकघराचं दार कोपराने ढकलत, आणि वाफेने त्यांचा चष्मा पांढरा झालेला असे. तसेच, काही न दिसता, ते बरोबर तिच्यासमोर येऊन उभे राहत.

यंत्राने काम संपल्याची शिट्टी दिली. तिने डोळे जरा उशिरा उघडले. तोवर इर्शाद खिडकीबाहेर बघत राहिला.

मग त्याने पडदा पाहिला आणि घसा खाकरला. "भाजलेला पेरू. काळा गूळ. आलं, मिरी, लवंग, संत्र्याची साल. ओवा नाही, अल्लाचे आभार. आणि रम... नाकात आहे, घशात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पेल्याच्या काठाला पुसलेली. पेल्यात थेंबही नाही. घशाला जे चटका देत होतं ती मिरी."

"यंत्र बिघडलंय," केतकी ताडकन उठली. "इर्शाद, दुसऱ्या पेल्याला मी गाणी म्हणायचे! नाचलेयसुद्धा!"

इर्शादने स्वतः खुर्चीत बसून सासूबाईंचा शीरखुर्मा आठवला. संयोजकाने तो वाटीभर काढून दिला, तळाला लागलेल्या दुधाच्या वासासकट. यंत्र ठणठणीत होतं.

तरीही केतकीला दुसरा साक्षीदार हवा होता. तिने बाबांच्या सगळ्यात जुन्या मित्राला, रणदिवेकाकांना, फोन केला. मिशीला पीळ देत ते आले आणि केतकीची आई सुलभाताई घरी एकटीच मटार सोलत बसली होती म्हणून तिलाही मटारासकट गाडीत घालून घेऊन आले.

"रमची पारख करायला माझ्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही," शिरस्त्राण चढवताना ते म्हणाले.

पडद्यावर तेच आलं. नाकात रम, घशात मिरी.

"अशक्य!" काकांचा आवाज चिरकला. "अहो, मी जिना धरून उतरलोय! ताम्हाण्यांच्या मोगऱ्याच्या कुंडीशी भांडलोय!"

"तशीच समजूत असेल तर पाय लटपटतात, काका," इर्शाद समजावत म्हणाला. "त्यात नवल काही नाही."

"पण बाटली? बाटली दरवर्षी मी आणायचो आणि ती रिकामी व्हायची!"

आता इर्शादलाही खुमखुमी आली. "पदार्थ असा हवेत जात नाही. कोणाच्या तरी घशाखाली गेला असणार. तुझे बाबा?"

"मधुमेह होता. सगळ्यांदेखत कोरा चहा प्यायचे."

कोपऱ्यात मटार सोलल्याचा आवाज तेवढा येत होता. हळूहळू तिघांच्याही माना तिकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" सुलभाताई म्हणाली. "मी आयुष्यात थेंबाला शिवले नाही. मला थंडीत खोकला होतो म्हणून हे कफावरचा काढा करून द्यायचे, तेवढाच."

"आई," केतकी म्हणाली, "जरा ह्या खुर्चीत बस."

वाचकाने नेहमीपेक्षा लवकर शिट्टी दिली. वाचायला फारसं काही नव्हतंच. थोडा गूळ, नावाला लवंग, बाकी रम. नाकात रम, घशात रम.

सुलभाताईने चष्मा पुसून पडदा पुन्हा एकदा वाचला.

"कफाला बरा होता हो," ती म्हणाली. मग सावकाश सांगू लागली, "लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी ह्यांना बजावलं होतं. दारू पिऊन ह्या घरात कोणी बरळायचं नाही. त्यांनी मान डोलावली. शब्दाला पक्के होते."

"वहिनी," रणदिवेकाका क्षीण आवाजात म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी शुद्धीत बरळत होतो?"

"ते मला दिसतच होतं, भाऊजी."

जाताना काकांनी केतकीला दाराशी गाठलं. "पोरी, बाकीच्यांना सांगू नकोस. ह्या वयात माणसाला झिंगायचं सुख तरी राहू दे."

शनिवारी केतकीने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. पेरू भाजला, गूळ काळा केला, मिरी हात राखून नव्हे तर मनापासून कुटली आणि पेल्यांच्या काठांवरून रमचं बोट फिरवलं. ट्रे बाहेर गेला. पहिल्या घोटानंतर मंडळींनी पेले पुन्हा नाकाशी धरले. मग कोणीतरी म्हणालं, "दिगूच की रे!" दुसऱ्या पेल्याला गाणी सुरू झाली. सगळं ठाऊक असूनही रणदिवेकाका कुंडीशी दोन शब्द बोलले आणि जिना धरूनच उतरले. केतकीही गायली. तिचा सूर लागला नाही, पण तो कधीच लागत नसे.

सगळे पुढच्या थंडीचं ठरवूनच पांगले. मग तिने छोट्या पेल्यातला काढा आईपुढे ठेवला. सुलभाताईने घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"लवंग जास्त झाली," ती म्हणाली. "आणि ते दुसरं कमी."

केतकी तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे आई, तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"तुझं ते यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र फक्त चव वाचतं. माणसाला काय ठाऊक होतं, ते त्याला कळत नाही."

"मग बरंय," सुलभाताई म्हणाली आणि पेला पुन्हा भरायला पुढे केला.