कोमट एंटर

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या विनवण्या करत नाही. घडलं ते सांगतोय. रात्रसुद्धा नव्हती... रविवारची टळटळीत दुपार. वारज्यातला आमचा फ्लॅट.

संगणक माझ्या सासऱ्यांचा. अनंतराव, निवृत्त शिक्षक. पेपर तपासताना जडलेली सवय... पान उलटण्याआधी बोट जिभेला लावायचं. तोंडात तंबाखू. संगणकावरही तेच. प्रत्येक बटणाआधी... चप्.

ते गेल्यावर त्यांचा कीबोर्ड मी चिमटीत धरून कचऱ्यात टाकला.

संगणक ते कधी बंद करत नसत, झोपवत. त्यावर विंडोज नव्हे, लिनक्स. ते अशा वेळी उघडं असलेलं सगळं डिस्कवरच्या 'स्वॅप' नावाच्या जागेत ठेवतं आणि उठताना तिथूनच उचलतं. त्यांची स्वॅप वेगळ्या, जुन्या डिस्कवर. ती डिस्क मेली.

आणि नेमकं तिच्यातच, सेव्ह न केलेलं, सासूबाईंचं गाणं होतं. कॅसेटवरून उतरवलेलं. कॅसेट नंतर तुटली. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेलेल्या.

"सलिल, मिळेल ना रे आईचा आवाज?" श्यामलानं विचारलं.

"डिस्क ही बघ, काढून ठेवलीये. संगणक सुरू करून देतो. गाणं विसर."

"तुला काय! तुझी आई रोज फोनवर ओरडते."

चालू केला. पडदा अडकला. स्वॅपची वाट बघतोय...

सुरुवातीला जोडायच्या डिस्कांच्या यादीतून तिची ओळ काढली. पुन्हा तेच. झोपेतून उठवायची सूचना वेगळी असते. तीही काढली. सकाळीच आणलेल्या कीबोर्डवर एंटर दाबलं...

बोट चिकटलं.

बटणावर पिवळी थुंकी. कोमट. तंबाखूचा भपकारा. मी बोट पँटला पुसलं.

"श्यामला, हे तू...?"

"शी! मी थुंकेन त्यावर?"

पडद्यावर ओळ आली. स्वॅपमधून उठतोय...

डिस्क टेबलावर होती. एकही वायर नसलेली.

सासऱ्यांनी सोडलेला पडदा जसाच्या तसा उघडला. गाणं सुरू झालं. श्यामला हुंदके देत होती. सेव्ह करायला मी हात पुढे केला... धजावेना.

बटणं आपोआप दबत होती. एकेक... ओली होत.

चप्... चप्...

सेव्ह झालं.

गाणं संपलं. मग तोच आवाज, वैतागलेला...

"अहो, शी! जावयांनी आजच आणलाय तो कीबोर्ड."

श्यामला ते रोज ऐकते. शेवटचं वाक्य आहे अजून त्यात. ती म्हणते, आईबाबा एकत्र आहेत ना, बास.

असतील. मी कीबोर्ड टाकून दिला. हे मोबाईलवर लिहितोय. काच पुसतोय, पुन्हा पुसतोय...

बोट चिकटतंच आहे.