मनीप्लांटची तुटलेली वेल

कपाटाचं कुलूप शाबूत होतं आणि विमलताईंचा सोन्याचा गोफ गेला होता. देवघराशेजारच्या मनीप्लांटची एक वेलही कुणीतरी मधूनच खुडली होती. गोफासाठी सगळं घर रडलं. वेलीकडे फक्त सुनेनं, सुरभीनं पाहिलं.

त्या दिवशी सासू-सासरे यवतमाळला लग्नाला, नवरा पिंटू दुकानात. सुरभी दुपारी बाजाराला गेली, घराच्या आणि कपाटाच्या चाव्यांचा जुडगा नेहमीसारखा मीटरच्या पेटीमागे ठेवून. ही जागा घरच्यांनाच ठाऊक. मग घाटंजीत पोलीस कशाला हवेत? सून आहे की आयती! विमलताईंनी तिच्या वडिलांना ढाणकीला निरोप धाडला, "पोरीले घेऊन जा."

शामराव एसटीनं आले आणि चपला काढून दाराशीच बसले. त्यांना कुणी पाणीही विचारलं नाही. सुरभीच्या डोक्यात तिडीक गेली.

हे झाड तिनंच लावलं होतं. माती सुकली की पाणी, खिडकीचा आडवा उजेड, अधूनमधून ओल्या फडक्यानं पानं पुसायची, बस. ऊन नको, कौतुक नको. या घरात तिचं आणि झाडाचं म्हणूनच जमलं होतं. कार्तिकी एकादशीला सासऱ्यांची अगरबत्ती टेकून एका पांढुरक्या पानाला भोक पडलं, तेव्हा ती हळहळली. "पानच हाय न," बबनराव म्हणाले होते.

पिंटूच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालू होता. राळेगावात दिलेली नणंद अपेक्षा फैसला ऐकायला हजर होती. तिच्यामागे फ्रीजवर एक बाटली दिसत होती. सुरभी पुढे सरकली.

"ताई, लग्नाले काहून नाही आल्या तुम्ही?"

"ताप होता मले. घरीच पडून होती."

"अन् इथं शेवटच्या कधी आलत्या?"

"पोळ्याले. चोरी तू करशीन अन् जाब मी देऊ काय?"

"मागं बाटलीत वेल कायची हाय?"

"मनीप्लांट. शेजारणीकडून आणला. तुह्याच घरी असते काय?"

"जवळून दाखवा न."

"घे, पाह्य." अपेक्षानं फणकाऱ्यानं बाटली फोनसमोर धरली.

पांढुरकं पान पडदाभर झालं. मधोमध गोल भोक, कडा तपकिरी. बबनरावांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि खाली मान घातली.

"मामाजी, हे भोक तुमच्या अगरबत्तीचं," सुरभी म्हणाली. "एकादशीचं. पोळा त्याच्या आधी झाला. लग्नाच्या दिवशी सकाळी मी पानं पुसली तवा ही वेल जागेवर होती. बाजारातून आली तं तुटलेली. मंजे त्याच दुपारी ताई घरात होत्या. मागून घेतलेला मनीप्लांट लागत नाही, न विचारता खुडला तरच बरकत येते, असं आपल्या साऱ्याच बाया मानतात. मी ताईले वेल देऊ केलती, त्यायनं घेतली नाही. त्या दिवशी घर मोकळं भेटलं अन् जाता जाता हात गेला."

फोनमध्ये अपेक्षा रडायला लागली. "गोफ मलेच देतो म्हणे आई. मंग देत काहून नव्हती?" कॉल बंद झाला.

विमलताईंच्या तोंडून लेकीसाठी एक कडू शब्द निघाला नाही. "हे बाहेर बोलू नका," त्या म्हणाल्या. "पोरीचं सासर हाय. गोफ कोठीत सापडला म्हणू. सुरभी, तू राह्य आता. व्याही, चहा घ्या."

म्हणजे लेकीला सासर होतं आणि सुनेला नव्हतं. सुरभीला हसूच आलं. तिनं सासूनंच भरून ठेवलेली पिशवी उचलली.

पिंटू आडवा आला. "आता कायले चालली? तू चोर नाही ठरली न."

"मी नाही ठरली. पण गोफ गेल्यापासून इतक्या रात्री एका खोलीत झोपलो आपण. घेतला काय म्हणून तुम्ही मले एकदा तरी विचारलं?"

शामरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि लेकीच्या हातातली पिशवी घेतली.